न्हाणीचा दगड

१० जानेवारी १९६४

पोचलो एकदाचा. अमडापूरपर्यंत मोटार, पुढे पुंजाजीची बैलगाडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्याला आलेली, मचाणावरून पाखरे हाकलणाऱ्यांच्या आरोळ्या. सावरटेकच्या टेकाडावर आलो तेव्हा मी पुंजाजीला म्हणालो, जरा थांब. लहानपणी याच टेकाडावरून आजोळचा निंब दिसला की मी आईच्या मांडीवरून उडी टाकत असे. निंब तसाच आहे. पुंजाजीने बैल थांबवले आणि म्हणाला, पाहून घ्या काका, टेकाड काही पळून नाई जाऊन राह्यलं.

पुंजाजी माझ्या मामेभावाचा मुलगा. मामेभाऊ गेला, घर आता त्याची बायको झुंबरबाई पाहतात. मातीच्या भिंती, वर पत्रे, तीन खोल्या, मागे लांबट आवार आणि आवारात विहीर. पुंजाजीची बायको आशाबाई. त्यांची मुलगी बना पाच वर्षांची; तिने मला पाहताच विचारले, आबा, तुमच्या मिशा पिठात पडल्या का? दाराशेजारच्या लहान खोलीत माझी ट्रंक ठेवली. खिडकीतून निंब दिसतो. वच्छला गेल्यापासून असे कोणी मला हसवले नव्हते. आम्हाला मूल झाले नाही, शाळेतली मुले शाळेबरोबर सुटली, आणि आता या वयात मला पुन्हा आजोळ मिळाले आहे. लहान मुलासारखा आनंद झाला आहे, तो कोणाला दाखवायची सोय नाही म्हणून इथे लिहितो.

१३ जानेवारी

ग्रामपंचायतीत रुजू झालो. सरपंच उकंडराव मोठे बोलके. खुर्ची देऊन म्हणाले, गुरुजी, इतकी वर्षं पोट्ट्यांच्या डोक्यातली घाण काढली, आता गावाची काढा, बढतीच समजा. सगळे हसले. मीही हसलो. गावात माझे नाव संडास-मास्तर पडणार हे मी ओळखून आहे.

काम मात्र हसण्यासारखे नाही. गेल्या श्रावणात इथे हगवणीची साथ आली. विहिरींच्या काठालाच उघडे संडास. पावसाने सगळे पाण्यात उतरले. गावातली बारकी मुले गेली, त्यात पुंजाजीचा थोरला गुलाबही गेला. म्हणून पंचायतीने नियम केले आणि ते पाळले जातात का हे पाहायला मला मानधनावर नेमले. मी ते ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावले. संडास असेल त्या घराने शोषखड्डा केलाच पाहिजे. खड्डा विहिरीपासून पन्नास फूट दूर. आपली काळी माती पाणी पीत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचा. आत सिमेंटची कडी, वर फरशी, वास वर जायला लोखंडी नळी. बंद केलेला खड्डा वर्षभर मुरल्याशिवाय उघडायचा नाही, आणि उतरायची वेळ आलीच तर आधी कंदील सोडून पाहायचा. विझला तर उतरायचे नाही.

उकंडराव आपल्या नावाची गोष्ट सांगत होते. त्यांच्या आधीची भावंडे जगली नाहीत, म्हणून आईने त्यांना उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवले, म्हणजे मरणाला वाटावे की टाकलेली जिनस आहे. म्हणाले, उकिरड्याच्या नावाचा माणूस गाव झाडून राह्यला, पाहा.

माझेही तेच आहे, पण मी बोललो नाही. आईची माझ्या आधीची मुले गेली, म्हणून ती बाळंतपणाला इथे आली आणि तिने मला कडूबा म्हटले; कडू वस्तूला मरण तोंड लावत नाही म्हणे. शाळेत घालताना मामाने उत्तम लिहून दिले. कडू म्हणून हाक मारणारे आता पृथ्वीवर कोणी नाही. वच्छलेलाही मी ते नाव सांगितले नव्हते, लाज वाटायची.

१९ जानेवारी

आवाराच्या टोकाला न्हाणी आहे. चारी बाजूंना तुराट्यांचा कूड आणि मधे एक काळा, गुळगुळीत, मधोमध झिजलेला दगड. आज सकाळी त्याच्यावर बसून कढत पाण्याने न्हालो. झुंबरबाई पलीकडून म्हणाल्या, भाऊजी, दमानं, त्या दगडाखाली तुमीच हाय.

मग त्यांनी सांगितले. या घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराची वार गाडग्यात घालून, हळदकुंकू वाहून, याच दगडाखाली पुरलेली आहे. माझी आहे. बनाचीही आहे. गुलाब थोरला, रीतीप्रमाणे आशाबाईच्या माहेरी, बीबी गावी झाला, त्याची तिकडे. वार म्हणजे लेकराची पोटातली जोडीदारीण. रोज कोमट पाणी अंगावर पडले की ती निजून राहते, आणि ती निजली की लेकरू वर सुखात राहते, असे त्या म्हणाल्या. मला इतके हळवे वाटले की टॉवेल तोंडाशी धरून उभा राहिलो. आयुष्यभर मी फिरत्या नोकरीत घर शोधले, आणि माझा एक तुकडा इथे मुक्कामाला होता.

संध्याकाळी बनाला कविता शिकवली. ही पुस्तकात नव्हती; माझ्या पहिल्या गुरुजींनी तोंडी दिलेली. मी ती घरी म्हटली आणि आईने उचलली, जात्यावर बसली की तीच म्हणायची.

दिवेलागणी झाली दारी,
उतरुन आला थवा साजरा;
एक पाखरू राही दूरी —
परत ये घरा, अरे लेकरा.

बनाला शेवटची ओळ फार आवडली. आशाबाई चुलीपाशी होत्या. त्या ओळीला त्यांचा हात थांबला. मला गुलाब आठवला नाही, हा माझा आंधळेपणा.

२४ जानेवारी

आज आमच्याच घराची मोजणी. फीत विहिरीच्या काठाला लावली. एकीकडे घर, एकीकडे शेजाऱ्याची भिंत, मागे रस्ता. पन्नास फुटांच्या पलीकडे एकच जागा येते, न्हाणीची.

झुंबरबाई म्हणाल्या, हातभर अलीकडे घ्या न भाऊजी, हातभरानं काय होते? मी म्हणालो की हातभर, हातभर करूनच आधीचा संडास विहिरीपाशी आला. सरपंचाच्या घरी एक नियम आणि माझ्या घरी दुसरा, असे मी करणार नाही. बोललो आणि वाईट वाटले. त्या उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, गुलाबसाठीच करून राह्यले न तुमी? करा. पन वार जागची हलवू नोका. वार हलवत नसतात.

२ फेब्रुवारी

खोदकाम. दगड निघाला, खाली काळी माती, तिच्यात गाडगी. जुन्यांची नुसती खापरे. दोन अखंड होती. एक लालसर, अजून नवे वाटणारे, बनाचे. दुसरे काळे पडलेले, गळ्यात लोखंडी कडे. आधीची मुले गेली म्हणून आजीने घातलेले. ते माझे. गडी मागे सरले. म्हणाले, गुरुजी, ह्याले आमी हात नाई लावत.

वार जागची हलवायची नाही हा झुंबरबाईंचा शब्द, आणि खड्डा इथेच हवा हा नियम. मला वाटते मी चांगला मार्ग काढला. मुरूम लागल्यावर मी स्वतः शिडीने उतरलो, तळाशी हाताने दोन खळगी केली, दोन्ही गाडगी त्यांत बसवून वर मुरूम दाबला. जागा तीच, फक्त खोल. झुंबरबाईंनीही वरून वाकून पाहिले आणि मान हलवली. दगड नव्या न्हाणीकडे, विहिरीच्या बाजूला नेऊन ठेवला.

वर येताना हाताला कोमट लागले होते. मुरूम असतो तसा.

१६ फेब्रुवारी

काम पुरे झाले, वापर सुरू होऊन आठवडा झाला. नळी उभी आहे, फरशी सिमेंटने बसवली. आशाबाईंनी पहिल्याच दिवशी विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन पुष्कळ वेळ पाहिले आणि मगच बनाला पाजले. मला धन्य वाटले.

तपासणीत वासाचा रकाना असतो. आमच्या खड्ड्याला वास नाही असे लिहिले. खरे म्हणजे वास आहे. दुपारी ऊन तापले की नळीतून हळद, वेखंड आणि ओव्याशेपाच्या धुरीचा वास येतो. बाळंतिणीच्या खोलीचा. उकंडरावांना नेऊन दाखवले. नाक वर करून म्हणाले, मले तं काही नाई येऊन राह्यलं; तुमच्या संडासातून अत्तर निघत असन तं बाजारात इका.

बनालाही तो वास येतो. ती म्हणाली, आबा, आत कोनी न्हाऊन राह्यलं.

२५ फेब्रुवारी

आज उगीच अस्वस्थ. दिवेलागणीला बनाबरोबर कविता म्हणत होतो आणि तिसरी ओळ आठवेना. बनालाही नाही. दोघे एकमेकांकडे पाहत बसलो. जेवताना आठवली. म्हातारपण म्हणायचे, पण तिला काय झाले?

आशाबाईंनी तिला तीनदा हाक मारली. तिने मान वळवली नाही. झोपली नव्हती, ऐकू येत होते. नळीला पाठ लावून बसली होती.

३ मार्च

कसे लिहू. दुपारी सगळे वावरात कापूस वेचायला गेले होते. मी नळीजवळ सावलीला बसलो. वारा नव्हता. नळी घुमत होती. घुमता घुमता जाते फिरू लागले. जात्याची घरघर, तिच्यावर बाईचा आवाज, दमलेला, थोडा किनरा.

कडू, आंघोळ केली का रे?

आईचा आवाज मी विसरलो होतो. माणूस आवाज विसरतो, चेहरा राहतो. आज आवाज आला आणि चेहरा गेला. मी डोळे मिटून पाहतो आहे, आईच्या जागी नुसता पदर दिसतो.

घाबरायला हवे होते. मी संध्याकाळपर्यंत तिथे बसलो.

९ मार्च

आज घरात फार वाईट घडले. आशाबाई बनाची वेणी घालत होत्या. बना मान काढून घेऊन झुंबरबाईंना म्हणाली, हे बाई कोन हाय? मले काऊन धरते?

आशाबाईंना आधी खेळ वाटला. म्हणाल्या, अवं माय, मी तुही माय. बना म्हणाली, माही माय खाली हाय.

पुंजाजीने तिला अमडापूरला दवाखान्यात नेले, मी बरोबर होतो. डॉक्टरांनी जीभ, डोळे, पोट पाहिले, अशक्तपणा म्हणून बाटली दिली. परतताना बना गाडीत पुंजाजीच्या मांडीवर होती. टेकाडावरून निंब दिसला आणि तिने उडी टाकायला हात पसरले. घराकडे नाही, आवाराच्या टोकाकडे.

डॉक्टरांनी माझे नाव विचारले होते. मी कडूबा सांगितले. पुंजाजी चमकून पाहत राहिला.

१४ मार्च

झुंबरबाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, भाऊजी, चुकलं आपलं दोघाइचं. जागेचं काही नव्हतं. पानी पाह्यजे होतं. आपुन जागा धरून बसलो. इतकी वर्षं वारेवर लेकरायच्या अंगावरचं कढत पानी पडलं म्हनून ते निजली. आता तिच्यावर काय पडून राह्यलं? ते जागी झाली. जागी झाली तं तिले जोडीदार पाह्यजे.

मी म्हणालो, हे मनाचे खेळ आहेत. म्हणताना माझाच आवाज मला शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा वाटला.

त्या म्हणाल्या, पोट्टी रोज लहान होऊन राह्यली. काल बोलत होती, आज बोबडी हाय. आशीचं एक लेकरू त्या विहिरीनं नेलं. दुसरं आपल्या खड्ड्यानं नेलं तं ते काय करन?

गाडगी काढून नव्या न्हाणीत, दगडाखाली ठेवायची, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि ज्या हाताने ठेवली त्याच हाताने काढायची. म्हणजे माझ्या.

१७ मार्च

काढली नाहीत.

बंद खड्डा वर्षभर उघडायचा नाही, मीच लिहिलेला नियम. पंचायतीचा ठराव हवा. उकंडराव तालुक्याला गेलेत. हे सगळे झुंबरबाईंना सांगितले. सगळे खरे आहे.

आणि हेही खरे. आई आता कविता म्हणते. खालून. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीपाशी थांबते, जात्यात दाण्यांची वैरण घालते. मला तिसरी आठवते, चौथी आठवत नाही. कालपासून नाही. ती म्हणेल. आज म्हणाली नाही, उद्या म्हणेल. गाडगे काढले तर ती गप्प होईल. एकदा ऐकतो, मग काढतो.

आशाबाई काही मागत नाहीत माझ्याकडे. येता-जाता नुसत्या पाहतात.

२० मार्च

बना चालत नाही. काल धरून धरून चालली, आज रांगते. रांगत आवाराच्या टोकाला जाते. आशाबाई उचलून आणतात, ती अंग ताठ करते, तान्ह्या पोरासारखी रडते. दुपारी आशाबाईंनी तिला छातीशी लावले. दूध कुठले आता. तरी लावले. तिने तोंड फिरवले.

मी ते पाहिले. मी त्यांच्या दारातून उठून खोलीत आलो आणि ट्रंक उघडली. वर लुगडे घडी घातलेले. हिरवे. माझ्या बायकोचे. तिचे नाव —

सकाळपर्यंत होते.

पाने मागे उलटून वाचले. वच्छला. मागच्या पानांत आहे. माझ्यात नाही.

ही पोर पाच वर्षांची. तिला मागे जायला वाट थोडी. तिच्या वाटेत मी नियम आडवा ठेवून आईची कविता ऐकत बसलो होतो.

२२ मार्च

उकंडराव आले. बनाला पाहिले. गमतीचे एकही वाक्य बोलले नाहीत. म्हणाले, ठराव गेला उडत, गुरुजी, फरशी मी स्वतः काढतो. हातातल्या टोपीकडे पाहत म्हणाले, माही मायबी अशीच घाबरली असन.

फरशी निघाली. कंदील सोडला. पोचायच्या आतच विझला. पुंजाजी उतरायला निघालाच होता, त्याला धरले. रात्रभर उघडे ठेवायचे, संडास बंद. टोपल्याने वारा घालताहेत.

बना आज बसत नाही. मान धरत नाही. मुठी मिटलेल्या.

मला — ते, ज्याने दार लावतात. लोखंडाचे. शब्द येत नाही.

२३ मार्च सकाळ

कंदील जळतो आहे. मंद, पण जळतो. कमरेला दोर बांधला. पुंजाजी, उकंडराव वर. आशाबाई बनाला घेऊन निंबाखाली.

उतरतो.

२३ मार्च

काढले. लाल गाडगे.

घाण गुडघाभर. वास मात्र हळदीचा. हात घातला तर मुरूम मऊ, कोमट, जागा झालेल्या माणसाच्या अंगासारखा. लाल हाताला आले. धरून ठेवले होते कोणीतरी, खालून. मी ओढले. मी म्हणालो, सोड, तिची आई वर आहे. मास्तरच्या आवाजात म्हणालो. सुटले.

काळे गाडगे तिथेच. बोटांना कडे लागले. त्याच वेळी कंदील फडफडला, वर ओरडले, दोर ओढला.

पुंजाजी म्हणाला, काका, तुमचं उद्या, हवा निघू द्या. फरशी उघडीच.

सगळे नव्या न्हाणीकडे गेले. दगड उचलला, लाल गाडगे खाली ठेवले. आशाबाई बनाला दगडावर घेऊन बसल्या. झुंबरबाई पाणी ओतताहेत. वाफ दिसते इथून.

मी इथेच. खड्ड्याच्या काठाला. वही घेतली आहे. लिहिलेले राहते.

रडली. बना रडली — मोठ्या पोरीसारखी, शब्दांनी. माय म्हणाली. आशाबाईंचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता असा —

चांगले झाले. हे आधी लिहून ठेवतो. चांगले झाले.

अजून पाणी ओतताहेत. बोलते आहे. बोबडे, मग कमी बोबडे. कविता म्हणते. तिकडे ती म्हणते, इकडे खाली —

दोघी एकदम.

कंदील खाली सोडला होता. विझला. नियम माहीत आहे. मीच लिहिला. विझला तर —

ही बाई चांगली आहे, पाणी घालणारी. ती कोण. सगळे तिकडे आहेत. त्यांचे घर आहे ते.

माझे खाली —

कडू म्हणते आहे. कोणी म्हणत नाही आता मला. जाते थांबवले तिने. पदर दिसतो. पदराच्या वर, थोडे वाकले की, चेहरा —

बना तिकडून म्हणते, मी लिहितो. चौथी आली की कळेल. चौथीसाठी एवढे —

दिवेलागणी झाली दारी,
उतरुन आला थवा साजरा;
एक पाखरू राही दूरी —